रेफर केलेली बाळंतीण: दवाखाना ते दवाखाना या वाटेत माता का दगावतात?

"पेशंट सिरियस आहे, पुढे घेऊन जा." बाळंतपणाच्या खोलीबाहेर हे वाक्य कधीच ऐकले नाही असे कुटुंब आपल्या वस्त्यांमध्ये शोधूनच काढावे लागेल. पुढे म्हणजे नेमके कुठे, किती वेळात, कोणत्या गाडीतून, सोबत कोण, आणि तिथे पोहोचल्यावर रक्त आणि डॉक्टर दोन्ही असतील का, याची उत्तरे त्या वाक्यात नसतात. ती उत्तरे कोणी विचारतही नाही, कारण त्या क्षणी घरच्यांचे पाय लटपटत असतात.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण तालुक्यात, वस्तीत, विहाराच्या कामात आहेत. रात्री दोन वाजता फोन येतो तो त्यांनाच. त्या वेळी वाचत बसायला सवड नसते, म्हणून ही माहिती आम्ही आधीच एका ठिकाणी मांडत आहोत.

आधी आकडे

गरोदरपणात किंवा गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित किंवा त्यामुळे बळावलेल्या कारणाने झालेला मृत्यू म्हणजे मातामृत्यू. अपघाताने आलेले मरण यात धरत नाहीत. दर एक लाख जिवंत जन्मांमागे असे किती मृत्यू होतात, यावरून माता मृत्यू प्रमाण काढतात. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात देशाचे प्रमाण ९७, महाराष्ट्राचे ३३, केरळचे १९ आणि आसामचे १९५ होते. पुढच्या, म्हणजे २०१९-२१ च्या पत्रकात देशाचे प्रमाण ९३ वर आले.

महाराष्ट्राची स्थिती चांगली आहे, असे यावरून म्हणता येते आणि ते खोटे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. पण त्याच पाहणीत राज्यातल्या गरोदर स्त्रियांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी होते. म्हणजे बाई दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचते, पण पोहोचते ती अशक्त होऊन. आणि ज्या दारापर्यंत ती पोहोचते, तिथे गुंतागुंत हाताळण्याची सोय असेलच असे नाही. आमच्या मते आजचा खरा प्रश्न इथे आहे. घर ते दवाखाना ही वाट बरीच सुधारली, दवाखाना ते दवाखाना ही वाट मागे राहिली.

या आकड्यांत जात दिसत नाही. नमुना नोंदणीचे माता मृत्यूचे पत्रक राज्यवार प्रमाण छापते, जातवार किंवा धर्मवार छापत नाही. त्यामुळे अनुसूचित जातींतील किंवा बौद्ध स्त्रियांचे प्रमाण किती, हा प्रश्न सरकारी कागदावर उभाच राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०१८ च्या अहवालात एक आकडा दिला होता: मरण पावलेल्या दलित स्त्रियांचे सरासरी वय ३९.५ वर्षे, तर वरच्या जातींतील स्त्रियांचे ५४.१. हा आकडा जुन्या पाहणीवरचा आहे आणि तो फक्त बाळंतपणाचा नाही, तेव्हा भाषणात वापरताना तेवढे भान ठेवावे. तरी साडेचौदा वर्षांचा फरक नुसत्या योगायोगाने पडत नाही.

तीन उशीर

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधक स्त्रियांनी मातामृत्यूंकडे पाहण्याची एक रीत मांडली. आजही जगभर तीच वापरतात. बाई मरते ती तीन प्रकारच्या उशिरांमुळे, असे त्यांचे म्हणणे. पहिला उशीर दवाखान्यात जायचे ठरवण्यात, दुसरा तिथपर्यंत पोहोचण्यात, तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू होण्यात.

रेफरलची अडचण अशी की त्यात हे तिन्ही उशीर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर डॉक्टरांची वाट पाहते, हा पहिला उशीर. गाडी येते, रस्त्याला लागते, हा दुसरा. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही असे कळते, हा तिसरा. मग तिथून सिव्हिलला पाठवतात आणि पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा. दोन रेफरल झाले की घरचे धरून नऊ उशीर होतात. प्रत्येकाला फक्त वीस मिनिटे धरली तरी तीन तास गेले. तीन तासांत काय होते, ते पुढे पाहू.

शरीराचे घड्याळ

उपचार मिळालाच नाही तर प्रत्येक गुंतागुंतीत बाईच्या हाती सरासरी किती वेळ असतो, याचा एक ढोबळ अंदाज प्रसूतिशास्त्रात शिकवतात. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव: दोन तास. बाळंतपणाआधीचा रक्तस्राव: बारा तास. गर्भपिशवी फाटणे: एक दिवस. गरोदरपणातले झटके: दोन दिवस. अडलेले बाळंतपण: तीन दिवस. जंतुसंसर्ग: सहा दिवस. हे सरासरीचे आकडे आहेत. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला एवढाही वेळ मिळत नाही.

या यादीतला पहिला आकडा पुन्हा वाचा. बाळ झाल्यावर वार अडकली किंवा गर्भपिशवी आवळली नाही, तर दोन तास. मेळघाटात धारणीहून सेमाडोहच्या घाटातून, परतवाड्यावरून अमरावतीच्या डफरीनला यायचे म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. दोन तासांत ते अंतर दिवसासुद्धा कापले जात नाही. (धारणीला मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर त्याहून जवळ आहे, पण रेफरलची चिठ्ठी जिल्ह्याची हद्द पाहते, किलोमीटर पाहत नाही.) भामरागडच्या बाईला गडचिरोली गाठायची तर अंतर आणखी जास्त, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. अशा बाईच्या बाबतीत फक्त गाडी लवकर आणून भागत नाही. गाडी निघण्यापूर्वी काय केले, यावर तिचे जगणे अवलंबून असते.

निघण्यापूर्वीचा पहिला उपचार

आमच्या मते या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. रेफर करणे म्हणजे नुसते गाडीत घालणे नव्हे. आधी सावरायचे, मग पाठवायचे. यासाठी लागणारी बहुतेक साधने महाग नाहीत आणि बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायलाच हवीत.

रक्तस्राव थांबवण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन असते. ते थंड जागी, २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. उघड्या कपाटात, उन्हाळ्यात पडून राहिलेल्या बाटलीतला जोर कमी होतो आणि मग "इंजेक्शन देऊनही रक्त थांबले नाही" असे केस पेपरवर लिहिले जाते. आरोग्य केंद्राला भेट देणाऱ्या कार्यकर्त्यांनी औषधांची यादी पाहतात तसा फ्रीजही पाहावा. दुसरे औषध ट्रॅनेक्सॅमिक आम्ल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीत असे दिसले की बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत ते दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. तीन तासांनंतर दिल्यास फायदा दिसला नाही. म्हणजे हे औषध मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर देण्याचे नाही, जिथे रक्त जायला लागले तिथेच देण्याचे आहे.

गर्भपिशवीत फुगा बसवून रक्त दाबून धरण्याची एक पद्धत आहे. त्यातला स्वस्त उपाय बांगलादेशातील डॉ. सायेबा अख्तर यांनी शोधला: साधा निरोध रबरी नळीला बांधायचा आणि सलाइनने फुगवायचा. श्रीमंत देशांतला फुगा परवडत नव्हता म्हणून एका सरकारी रुग्णालयातल्या बाईने हे केले आणि आज ते अनेक गरीब देशांत शिकवले जाते. याशिवाय शॉकविरोधी पोशाख असतो. पायापासून पोटापर्यंत घट्ट आवळणारा हा निळा पेहराव बाईला शॉकमधून सावरतो आणि वाटेतले काही तास मिळवून देतो. तो धुऊन पुन्हा वापरता येतो.

झटक्यांचे म्हणाल तर तिथे मॅग्नेशियम सल्फेट आहे. रक्तदाब १४०/९० किंवा जास्त, लघवीतून प्रथिने जाणे, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीखाली दुखणे ही पूर्वसूचना. नुसती पायाला सूज असेल तर "गरोदर बाईला सूज येतेच" असे म्हणून घरी बसवतात, आणि मग एकदम झटका येतो. वस्तीत त्याला फीट म्हणतात, काही ठिकाणी बाहेरचे लागले म्हणतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार झटके आलेल्या बाईला पहिला डोस, म्हणजे दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅम, एएनएम सिस्टरसुद्धा देऊ शकते आणि मग पुढे पाठवते. असे असूनही हा डोस न देताच रेफर करण्याची भीती अनेक ठिकाणी आहे, कारण "काही झाले तर माझ्यावर येईल". सिस्टरला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. तिला प्रशिक्षण, लेखी सूचना आणि वरिष्ठांचा पाठिंबा मिळाला पाहिजे, तो मागणे हेही आपलेच काम आहे.

पायऱ्या कागदावर आणि प्रत्यक्षात

आपल्याकडची रचना अशी: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा किंवा स्त्री रुग्णालय आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी, ससून, मेयो, मेडिकल वगैरे. प्रसूतीच्या तातडीच्या सेवेचे दोन दर्जे मानतात. मूलभूत सेवेत सात गोष्टी येतात: जंतुनाशक इंजेक्शन, गर्भपिशवी आवळणारे औषध, झटक्यांचे औषध, अडकलेली वार हाताने काढणे, गर्भाचे राहिलेले अवशेष काढणे, व्हॅक्यूमसारख्या साधनाने मूल काढणे आणि न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे. यात सिझर आणि रक्त चढवणे या दोन गोष्टी मिळवल्या की सर्वंकष सेवा. जिथे सिझर, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठा चोवीस तास आहे, त्यालाच प्रथम संदर्भ केंद्र म्हणावे, असे केंद्राचे निकष २००४ पासून सांगतात.

पाटीवर संदर्भ केंद्र लिहिलेले असते, आत भूलतज्ज्ञ नसतो. ग्रामीण आरोग्य सांख्यिकी २०२१-२२ प्रमाणे देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत स्त्रीरोगतज्ज्ञांची तूट ७४ टक्के आणि शल्यचिकित्सकांची ८३ टक्के होती. एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत भूल देणे शिकवण्याचा कार्यक्रम याच तुटीवर उपाय म्हणून आला. शिकलेल्या डॉक्टरची बदली जिथे ऑपरेशन थिएटर नाही अशा ठिकाणी झाली की ते शिक्षण वाया जाते. अशा बदल्या माहिती अधिकारात विचारता येतात.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: जिथे सिझर आणि रक्त आत्ता, या क्षणी आहे, तिथेच थेट न्यावे. मधल्या पायऱ्या गाळाव्यात. जिथे काहीच होणार नाही अशा मधल्या रुग्णालयात थांबणे हे रेफरलमधले सर्वांत महागडे थांबे आहेत.

मोठ्या रुग्णालयातच बायका का मरतात?

वैद्यकीय महाविद्यालयांच्या नोंदी पाहिल्या तर तिथल्या मातामृत्यूंत बाहेरून रेफर होऊन आलेल्या स्त्रियांचा वाटा फार मोठा असतो आणि त्यांतल्या अनेक जणी दाखल झाल्यावर चोवीस तासांच्या आत जातात. यावरून गावात समज पसरतो की "घाटीत नेले की माणूस परत येत नाही". हा समज धोकादायक आहे, कारण त्यामुळे पुढच्या वेळी नेण्यालाच उशीर होतो. तिथे मृत्यू नोंदला जातो, सुरू मात्र तो चार-सहा तास आधी, शंभर किलोमीटर मागे झालेला असतो. खालच्या रुग्णालयाच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे फक्त "रेफर" असते.

याची उलटी बाजूही सांगायला हवी. आपल्या वहीत मृत्यू नको म्हणून शेवटच्या घटकेला गाडीत घालून देण्याची वृत्ती काही ठिकाणी आहे, सरकारीतही आणि खासगीतही. खासगी नर्सिंग होममध्ये पैसे संपेपर्यंत ठेवून घेणे आणि मग "सिव्हिलला न्या" म्हणणे हा प्रकार वाचकांना नव्याने सांगायला नको. आणि तिसरी बाजू: जिथे सहज होऊ शकले असते ते साधे बाळंतपणही सुट्टीच्या दिवशी पुढे ढकलले जाते. त्यामुळे मोठ्या रुग्णालयात एका खाटेवर दोघी झोपतात आणि खऱ्या गंभीर बाईसाठी रुग्णवाहिका मोकळी नसते.

शहर म्हणजे सुरक्षित, हेही खरे नाही. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत भांडुपच्या एका पालिका प्रसूतिगृहात वीज गेलेली असताना टॉर्चच्या उजेडात सिझर केल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला. बाळ गेले, आईला मोठ्या रुग्णालयात हलवले, तीही वाचली नाही. २०२५ च्या मार्चअखेरीस पुण्यात जुळ्या मुलींच्या आईच्या घरच्यांकडे एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. बाळंतपण दुसरीकडे झाले आणि आई दगावली. राज्यभर गाजले म्हणून हे प्रकरण कळले. ज्यांच्यासाठी कोणी फोन करत नाही त्यांचे प्रकरण गाजत नाही.

ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्या भगिनींची अडचण वेगळी. नोंदणी गावात, माता-बाल कार्ड गावातल्या पेटीत, आशाताई गावात आणि कळा येतात दोनशे किलोमीटरवरच्या फडात. तिथल्या डॉक्टरला तिचा रक्तगट, हिमोग्लोबिन, आधीचे सिझर काहीच माहीत नसते. कार्ड सोबत नेणे आणि मोबाइलमध्ये त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो ठेवणे एवढे केले तरी खूप फरक पडतो.

न्यायालयांनी काय सांगितले

ब्राझीलमधल्या एका प्रकरणापासून सुरुवात करू, कारण ते वाचताना आपल्याच तालुक्यातले वाटते. अलीने दा सिल्वा पिमेंतेल ही रिओजवळच्या गरीब वस्तीतली, आफ्रिकी वंशाची २८ वर्षांची स्त्री. नोव्हेंबर २००२ मध्ये सहा महिन्यांची गरोदर असताना ती एका खासगी आरोग्य केंद्रात गेली. पोटातले बाळ मेलेले होते, ते काढायला आणि पुढची शस्त्रक्रिया करायला उशीर झाला, रक्तस्राव सुरू झाला. खाट असलेल्या एकमेव रुग्णालयाने आपली रुग्णवाहिका पाठवायला नकार दिला. आठ तास ती वाट पाहत राहिली. पोहोचली तेव्हा तिचे कागद सोबत नव्हते. दाखल करून तिला बोळात ठेवले आणि एकवीस तासांनी ती गेली. तिच्या आईने लढा दिला. २०११ मध्ये स्त्रियांवरील भेदभाव निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्र समितीने ब्राझील सरकारला जबाबदार धरले आणि लिंग, वंश आणि गरिबी या तिन्हींवरून भेदभाव झाल्याचे म्हटले. सरकार जबाबदारी खासगी केंद्रावर ढकलू शकत नाही, हेही समितीने सांगितले. मातामृत्यूवर आंतरराष्ट्रीय मानवी हक्क समितीने दिलेला हा पहिला निर्णय.

भारतात १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. १९९६ चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा निकाल तर थेट रेफरलवरच आहे. रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने तो कलम २१ चा भंग ठरवला, पैशांची कमतरता हे कारण चालणार नाही असे म्हटले आणि कुठे खाट रिकामी आहे हे तत्काळ कळेल अशी मध्यवर्ती यंत्रणा आणि पुरेशा रुग्णवाहिका असाव्यात, असे निर्देश दिले. तीस वर्षे होत आली. आपल्या जिल्ह्यात अशी यंत्रणा आहे का, हा प्रश्न निवेदनात विचारण्याजोगा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये लक्ष्मी मंडल खटल्यात सुरक्षित बाळंतपण हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि परराज्यातून आलेल्या गरीब बाईला कार्ड दाखवण्याच्या अटीवरून परत पाठवू नये, असे बजावले.

योजनांपैकी दोन पाठच करून ठेवाव्यात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११) प्रमाणे सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण मोफत. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी असा तिन्ही प्रवास मोफत. रेफरच्या गाडीचे डिझेल भरायला लावणे किंवा बाहेरून रक्ताची पिशवी विकत आणायला सांगणे या कार्यक्रमाच्या विरुद्ध आहे. दुसरे, धर्मादाय रुग्णालये. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात असतात. तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे, निर्धन रुग्णाकडून अनामत मागायची नाही, हेही त्यात आहे.

बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाळंतपण ही घरची खासगी बाब नाही, सार्वजनिक जबाबदारी आहे, ही मांडणी आपल्यासाठी शंभर वर्षे जुनी आहे.

अंगुलिमाल आणि श्रीलंका

मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात अडलेल्या बाळंतिणीचे दुःख पाहून व्याकूळ झालेला भिक्खू आपल्याला भेटतो. बौद्ध देशांत आजही गरोदर स्त्रीसाठी अंगुलिमाल परित्त म्हणतात. श्रीलंकेत तर ही जुनी प्रथा आहे. पण त्याच श्रीलंकेने परित्तासोबत गावोगाव प्रशिक्षित सरकारी सुईणी नेमल्या, उपचार मोफत केले, रुग्णालयांचे जाळे विणले आणि प्रत्येक मातामृत्यूची चौकशी सुरू केली. १९३० च्या दशकात तिथे एक लाख जन्मांमागे दोन हजारांच्या आसपास माता मरत, पुढे हे प्रमाण चाळिशीच्या आसपास आले. मलेरिया आटोक्यात आल्याचाही त्यात वाटा होता. देश श्रीमंत नव्हता, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे विहारात परित्तपाठ जरूर व्हावा, मात्र १०८ ला फोन त्याच्या आधी लागलेला असावा.

विहार समिती काय करू शकते

सातव्या महिन्यापासून प्रत्येक गरोदर भगिनीसाठी चार गोष्टी ठरलेल्या असाव्यात: कुठे न्यायचे, १०८ किंवा १०२ ची गाडी उशिरा येणार असेल तर कोणाची गाडी, सोबत कोण आणि रक्त कोण देणार. आधीचे सिझर, जुळी, आडवे मूल, सातच्या खाली हिमोग्लोबिन, वाढलेला रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असेल तर कळांची वाट न पाहता तारखेआधीच मोठ्या रुग्णालयाजवळ मुक्काम हलवावा. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर योजना यासाठीच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तिथे न्यायला एका तरुणाने दुचाकी काढली तरी पुरे.

रेफर करतात तेव्हा डॉक्टरांशी वाद घालू नये, पण हे प्रश्न शांतपणे विचारावेत: ताई किंवा सर, नेमके कशासाठी पाठवता? पहिला डोस दिला का? तिथे फोन केला का, कोणाशी बोललात? आत्ता तिथे सिझर आणि रक्त आहे का? सोबत सिस्टर येईल का? चिठ्ठीवर वेळ, रक्तदाब, नाडी, दिलेली औषधे आणि रक्तगट लिहिलेला असावा, तिचा फोटो काढून ठेवावा. गाडीत बाईला डाव्या कुशीवर झोपवावे, सलाइन चालू असावे, अंगावर पांघरूण असावे.

रक्ताबाबत थोडे वेगळे सुचवतो. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे रक्तदान शिबिरे होतात, हा आपला अभिमान आहे. पण रक्ताच्या पिशवीचे आयुष्य जास्तीत जास्त पाच-सहा आठवडे. डिसेंबरचे रक्त मार्चमधल्या बाळंतिणीला मिळत नाही. त्यामुळे मोठ्या शिबिराबरोबर तालुक्याच्या रक्तपेढीशी बोलून दर दोन महिन्यांनी लहान शिबिरे आणि निगेटिव्ह गटाच्या दात्यांची चालू यादी ठेवावी.

बाळंतपणानंतर घरी आलेल्या बाईवरही लक्ष हवे. ताप, वासाचा स्राव, पोटात दुखणे, अचानक पुन्हा रक्त जाणे, धाप लागणे, एका पायाला सूज, झटके यांपैकी काहीही ४२ दिवसांत दिसले तर ती तातडीची बाब आहे. बाळाच्या कौतुकात आईचा ताप अंगावर काढला जातो.

मृत्यू झालाच तर

दु:खाच्या दिवसांत कागद गोळा करणे कठीण असते, म्हणून ते काम कार्यकर्त्याने अंगावर घ्यावे. प्रत्येक मातामृत्यूचा आढावा घेणे सरकारवर बंधनकारक आहे, त्यासाठी २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. घरी येऊन नातेवाइकांकडून सगळी हकिकत विचारली जाते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावरही आढावा होतो. उपचाराच्या वेळी सोबत असलेल्या नातेवाइकांना त्या बैठकीत बोलावण्याची तरतूद आहे. बहुतेक कुटुंबांना हे ठाऊक नसते, त्यामुळे बोलावले नाही तरी कोणी विचारत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन बैठकीची तारीख मागावी आणि पोच घ्यावी.

अर्जासोबत वेळांचा तक्ता जोडावा: कळा कधी सुरू झाल्या, पहिल्या दवाखान्यात कधी पोहोचलो, डॉक्टर कधी आले, रेफर कधी केले, गाडी कधी आली, प्रत्येक ठिकाणी किती वेळ गेला, कोणी काय मागितले. १०८ च्या कॉलची वेळ मोबाइलमध्ये असते, ती पुसू नये. सर्व रुग्णालयांचे केस पेपर लेखी मागावेत. कायद्याने रुग्णाला आणि त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला ते मागण्याचा हक्क आहे आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम आहे. हा तक्ता तयार झाला की तीन उशिरांपैकी नेमका कोणता, कुठे आणि किती मिनिटांचा होता ते कागदावर दिसते, आणि मग निवेदन कोणाच्या नावे लिहायचे हेही ठरवता येते.